बहिऱ्या गावातले दोन महिने

बेइरा, मोझांबिक
भाद्रपदाचा पहिला आठवडा, दुपार

प्रिय जागृती,

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. मी ठणठणीत आहे, तुझा धर्मेश बरा आहे आणि माझं परतीचं तिकीट अठ्ठावीस तारखेचं पक्कं आहे. रोज फोनवर एकमेकींचं तोंड बघतो, मग हे पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर धर्मेश शेजारी बसलेला असतो, आणि तू तिकडून पहिला प्रश्न एकच विचारतेस, "आई, चक्कर नाय ना येत?" त्या प्रश्नाच्या पुढे माझी गाडी जातच नाही. आपल्या नवापुरात आमच्या आळीतले पुरुष मस्कत-दुबईला गेले तेव्हा त्यांच्या बायकांची पत्रं मीच लिहायचे, कारण सातवीपर्यंत शिकलेली मी एकटीच. दुसऱ्यांच्या मनातलं इतकं लिहिलं, पण स्वतःचं पत्र मात्र मी आजवर लिहिलेलं नाही. बेटेगावचा प्रफुल्ल, जो इथे धर्मेशच्याच कारखान्यात आहे, तो गुरुवारी सुट्टीवर निघतोय. तो बोईसरला तुझ्या शिवणक्लासवर येऊन हे तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज, आणि तो गेल्यावर वाच.

आधी गमती सांगते. थोड्या फोनवर सांगितल्यात, पण तिथे धर्मेश मध्येच "आई, किती वाढवून सांगतेस" म्हणून माझी फजिती करतो. इथे तो नाही, त्यामुळे मी सुखाने वाढवून सांगणार आहे.

तू माझ्यासाठी विमानतळावर चाकांची खुर्ची सांगून ठेवली होतीस ना, तिच्यावर मुंबईला मी पालखीतल्या देवीसारखी बसून गेले. लोक वाट सोडत होते. मला वाटलं, हे बरंय, आपल्या पापलेटच्या टोपलीला कधी कुणी अशी वाट दिली नाही. पण मधल्या गावात, जिथे विमान बदलायचं होतं, तिथली खुर्चीवाली पोरगी फारच सावकाश. तिकडे सगळी माणसं धावत सुटलेली. विमान म्हणजे काय बोईसरची रिक्षा आहे का, एक गेली तर दुसरी? मी उठले, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि धावत सुटले. ती पोरगी माझी पिशवी ठेवलेली रिकामी खुर्ची ढकलत मागून, "मादाम! मादाम!" असं ओरडतेय. दारापाशी पोचले तेव्हा रांगेतल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असेल चमत्कार झाला, लंगडी धावायला लागली. मी हसले खरी, पण विमानात बसल्यावर बराच वेळ मला कुणाकडे बघवेना.

इथे उतरल्यावर सामान तपासणाऱ्याने माझी पिशवी उघडली आणि नाक धरलं. वासाने आजूबाजूचे चार जण गोळा झाले. त्याने विचारलं असणार, हे काय? मी म्हटलं, "बोंबील." त्यातला पहिला अर्धा शब्द त्याला बरोब्बर कळला. तो एक पाऊल मागे, त्याच्या मागचा दोन पावलं मागे, आणि एक बाई तर काउंटरखाली! मग मी एक बोंबील काढला, मोडला, तोंडात घातला आणि चावून दाखवला. शेवटी त्या जाड्या अधिकाऱ्याने हात पुढे केला, मी त्यालाही एक दिला, आणि तो चघळत चघळत माझ्या कागदावर शिक्का मारून मोकळा झाला. येताना नवापुरात सगळे विचारत होते, गोदूबाई, कुठे निघालात, आणि मी बेइरा म्हटलं की ऐकणाऱ्याला बहिरा ऐकू यायचं. बायका एकमेकींना सांगत होत्या, गोदूबाई बहिऱ्या गावाला चालली. इथे आले आणि कळलं, गाव चांगलं ऐकतं, बहिरी मीच. सगळे माझ्याशी बोलतात आणि माझ्या कानावर नुसत्या लाटा येतात.

घरी पोचले तर दारात दहा-बारा बायका उभ्या, कमरेला रंगीबेरंगी फुलाफुलांची कापडं गुंडाळलेल्या, टाळ्या वाजवत गाणं म्हणत होत्या. मी गाडीतून एक पाय खाली ठेवला. मग दुसरा. गाणं थांबलं. एकसष्ट वर्षांची काष्टेवाली म्हातारी बघून त्यांची तोंडं अशी उतरली की मलाच वाईट वाटलं. शेजारची दोना लुर्देस, जी मासळी विकते आणि माझ्याच वयाची आहे, तिने धर्मेशला काहीतरी विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "मांय." इथे आईला मांय म्हणतात, बघ, आपल्या मायसारखंच. मग त्या पुन्हा हसल्या, पुन्हा गाणं धरलं आणि लुर्देसने मला अशी मिठी मारली की माझ्या पाठीतलं एक हाड मोडता मोडता राहिलं. मी विचारलं, काय रे म्हणत होत्या? "काय नाय गं, बायको कुठे हाय विचारत होत्या." म्हणजे सून समजून मला ओवाळायला आल्या होत्या! ही गोष्ट मी तुला फोनवर सांगितली होती. तू हसलीस, जागृती, पण जरा उशिरा हसलीस.

पहिल्या दिवशी प्रवासाने अंग इतकं आंबलं होतं की मी भर दुपारी जी झोपले, ती किती झोपले मला पत्ता नाही. जाग आली तेव्हा खिडकीतून समोर समुद्र आणि समुद्राच्या अगदी कडेवर टेकलेला लालबुंद सूर्य. साठ वर्षं मी एवढंच पाहिलंय, की सूर्य समुद्राला टेकला म्हणजे दिवस संपला. मी लगबगीने तोंड धुतलं, दिवा लावला, हात जोडले आणि रात्रीच्या जेवणाला लागले. बोंबलाचं कालवण उकळलं, भात टाकला. बाहेर बघते तर सूर्य खाली जायच्या ऐवजी वर चाललेला! मी डोळे चोळले. मग वाटलं, आपण मेलो की काय, आणि वरच्या गावात दिवस उलटा चालतो की काय. तेवढ्यात धर्मेश डोळे चोळत आला, सकाळच्या सातला भात-कालवण वाढलेलं ताट बघून माझ्याकडे बघत राहिला, आणि बसून सगळं जेवला. म्हणाला, "रोज अशीच चुकत जा, आई."

समुद्रातून सूर्य उगवणं मला अजून स्वप्नासारखं वाटतं. मी रोज पहाटे त्या पाण्यापाशी जाऊन बसते. पाणी तेच आहे, आपल्याच दर्याचं. खारटपणा तोच, ओहोटीचा वास तोच. फक्त आपण त्याच्या पाठीमागे येऊन बसलोय. आपल्याकडे तो समुद्र सूर्य गिळतो, आणि इथे बसलं की वाटतं, हाच तो गिळलेला सूर्य, रात्रभर पाण्याखालून चालत इकडे निघाला. सुरूची झाडं इथेही आहेत, वाळूत तशीच पाय पसरून उभी. कधी कधी डोळे अर्धवट मिटले की मला वाटतं, आत्ता मागून तुझी हाक येईल, "आई, चहा निवतोय." मागे वळते तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, आणि त्याच्या पायाशी एका बुडालेल्या जहाजाचा गंजका सांगाडा. लहान मुलं त्यावरून पाण्यात उड्या मारतात.

आता भाषेचं ऐक. धर्मेश म्हणाला होता, आई, पोर्तुगीज लई कठीण. काय कठीण? बटाट्याला बटाटा म्हणतात. अननसाला अननास, काजूला काजू, पावाला पांव. किल्लीला शावी. आणि आपला धर्मेश कारखान्यात दिवसभर ज्या बालद्या ओततो ना, त्या बालदीला बाल्दी! मी लुर्देसच्या घरात जाऊन एकेका वस्तूवर बोट ठेवून नाव सांगत सुटले, ती कमरेवर हात ठेवून हसतेय. दोन दिवसांत मला वाटायला लागलं, ही भाषा मी मागच्या जन्मी बोललेय. पण तिसऱ्या दिवशी घात झाला. एका घराच्या पायरीवर एक चिमुरडी रडत बसली होती, "पाय, पाय" करत. मला वाटलं लागलंय. मी खाली बसले, तिचे दोन्ही पाय चोळले, फुंकर घातली, हळद आणायला निघाले. तिकडून तिचा बाप धावत आला. पाय म्हणजे बाप! तिला बाप हवा होता, आणि मी तिचे तळवे चोळत बसले होते. बँकेत तर त्याहून मोठी फजिती. काचेचं दार उघडेना, आतून शिपाई ओरडतोय, "पुशी, पुशी!" आपल्याला माहीत, पुश म्हणजे ढकला. मी मासळीवालीच्या सगळ्या ताकदीने ढकलतेय, तो आतून आणखी जोरात ओरडतोय. मागे ही रांग लागली. या लोकांच्यात पुशी म्हणजे ओढा, गं!

आणि नाड्याची गोष्ट मी फोनवर सांगूच शकले नाही. धर्मेशने शिकवलं होतं, काही घेतलं की ओब्रिगादा म्हणायचं. मी ते "उभी गाडी" असं लक्षात ठेवलं होतं. टोमॅटोवाल्याकडून टोमॅटो घेतले, म्हटलं, ओब्रिगादा. पांढऱ्या मिशांचा, चांगला पन्नाशीचा बाप्या. तो छातीवर हात ठेवून, वाकून, गोड हसून म्हणाला, "दे नाडा." मी जागच्या जागी थिजले. भर बाजारात, माझ्या वयाच्या बाईकडे! मी म्हटलं, "मेल्या, तुला लाज नाय? नाडा मागतोस? आणि मी नऊवारीवाली, माझ्याकडे नाडा येणार कुठून?" त्याला वाटलं मी आणखी आभार मानतेय. तो आणखी वाकला. "दे नाडा, दे नाडा." मी टोमॅटो उगारला. धर्मेश मध्ये पडला, मला बाजूला नेऊन सांगितलं, त्याचा अर्थ "त्यात काय एवढं" असा होतो, आणि मग तो तिथेच रस्त्याच्या कडेला बसला आणि पोट धरून हसत राहिला. किती वेळ! मी त्याच्याकडे बघत होते. गेल्या गणपतीत वीस दिवस घरी आला होता, तेव्हा तो एकदाही असा हसला नव्हता. मला आठवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही दोघं ओट्यावर कशावरून तरी असेच हसत बसायचात आणि मी आतून "काय झालं?" विचारलं की दोघंही गप्प व्हायचात.

लुर्देसच्या मासळीच्या फळीवर मी आता अर्धी मालकीण आहे. तिला एकदा दवाखान्यात जायचं होतं, तिने मला खुणेने विचारलं, बसशील? मला काय सांगायला हवं? मी पदर खोचला आणि आपल्या बोईसरच्या बाजारातली हाळी दिली, "घ्या कोलंबी, ताजी कोलंबी, आत्ता दर्यातून आलीय!" कुणाला काही कळेना, पण माणसं बघायला जमली आणि बघायला जमलेली घ्यायलाही लागतात. ती परत आली तेव्हा मासळी संपून फळी धुतलेली होती. इथे मासळी वाळूवरच पसरून वाळवतात, खाताना दाताखाली कचकचते. मी चार बांबू रोवून, दोऱ्या ताणून आपल्यासारखं वाळवायचं शिकवलं. पहिल्या दिवशी पुरुष हसले. आता किनाऱ्यावर अशा तीन रांगा उभ्या आहेत, आणि वाऱ्यावर मासळी हलताना बघितली की दोन्ही गावं एकमेकांत मिसळून जातात, मला कळत नाही मी कुठल्या किनाऱ्यावर आहे.

एक दिवस मला बालदी हवी होती. बालद्यांच्या कारखान्यातल्या माणसाच्या घरात बालदी सापडू नये! म्हणून मी मागची खोली उघडली, जी धर्मेश "नुसतं सामान हाय" म्हणून बंद ठेवतो. सामान होतं खरं. खोक्यातून न काढलेला कुकर. कपाटाचा आरसा, भिंतीवर लावलेला, पण धर्मेशच्या उंचीला नाही, खाली, तुझ्या उंचीला. आणि खिडकीखाली फुलाफुलाच्या कापडाने झाकलेलं पायाचं शिवणयंत्र. समुद्राच्या या वाऱ्यात लोखंड सहा महिन्यांत गंजतं, तुला माहीत आहे, आपल्या खिडक्यांचे गज किती वेळा बदलले. पण त्या यंत्रावर गंजाचा एक ठिपका नव्हता. मी चाकाला हात लावला, तर बोटाला तेल लागलं. ओलं, ताजं. मी कापड पुन्हा तसंच टाकलं आणि बालदी न घेताच बाहेर आले. पुढच्या रविवारी मी झोपल्याचं दाखवून पडून राहिले. तो उठला, तेलाची बाटली घेऊन त्या खोलीत गेला, थोडा वेळ चाक फिरल्याचा आवाज आला, मग बाहेर येऊन त्याने हात धुतले आणि चहा ठेवला. दोन वर्षं, दर रविवारी.

त्याच रविवारी लुर्देस नटूनथटून आली आणि मला हाताला धरून तिच्या देवळात घेऊन गेली. धर्मेशला सोबत घेतलं. आत गारवा, उंच छत, रंगीत काचांतून येणारा उजेड फरशीवर सांडलेला, आणि सगळे इतक्या हळू गात होते की मला झोपेत असल्यासारखं वाटलं. तिने मला एका मूर्तीपुढे नेलं. मूर्तीकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं, मग आनंदाने माझे गाल धरले. तिच्या डोळ्यांत पाणी. मी धर्मेशला विचारलं, काय म्हणते? तो सांगेना. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "आई, ती म्हणते, दोन वर्षं दर रविवारी तिनं हिथं तुझ्यासाठी मेणबत्ती लावली. तुझी चक्कर जावी म्हणून. आता तू धडधाकट आलीस, म्हणून आज आभार मानायचे." जागृती, मी त्या परक्या देवापुढे उभी होते आणि मला त्याच्याकडे वर बघवेना. लुर्देसला वाटलं मी भक्तीने मान खाली घातली. तिने माझ्या हातात मेणबत्ती दिली. ती मला पेटवता येईना. तीन काड्या विझल्या.

नंतर चार दिवसांनी नारळी पुनव आली. नारळ इथे भरपूर, पण दर्याला नारळ द्यायची चाल नाही. मी हळद-कुंकू लावून, जरीचा तुकडा बांधून सकाळी एकटीच किनाऱ्यावर गेले. दरवर्षी नारळ सोडताना मी एकच मागते, माझ्या माणसांना सांभाळ. या वर्षी ते शब्द तोंडातच अडकले. तसाच फेकला. जाळं विणत बसलेला एक म्हातारा कोळी उठला, कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि नारळ उचलून मला आणून दिला. त्याला वाटलं, बिचारीच्या हातून पडला. मी म्हटलं, ओब्रिगादा. तो म्हणाला, दे नाडा. मी पुन्हा फेकला, जरा लांब. तो पुन्हा गेला. आणि परत आणला, या वेळी जरा रागाने, म्हणजे आजी, नीट धर ना. तिसऱ्यांदा मी त्याला हातांनी थांबवलं, दर्याकडे बोट केलं, छातीवर हात ठेवला, हात जोडले. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, नारळ माझ्या हातातून घेतला, आपली होडी लोटली, वल्ही मारत लांब गेला आणि तिथे, दोन्ही हातांनी, हळूच पाण्यात सोडला. मी वाळूवर बसून बघत होते. परत येऊन तो जाळ्यापाशी जाऊन बसला. आणि मी तिथे बसूनच ठरवलं, की आता बोलायचं.

संध्याकाळी धर्मेश कामावरून आला, त्याला घेऊन मी पाण्यापाशी गेले आणि सांगितलं. तेच आता तुला लिहिते. दोन वर्षांपूर्वी, तुझा व्हिसा आला होता, तिकीट हातात होतं, दोन दिवसांनी तू निघणार होतीस. सकाळी मी परसात बोंबील काढायला गेले होते आणि बांबूखाली पडले. तू किंचाळत आलीस, रिक्षा आणलीस, बोईसरला दवाखान्यात नेलंस, रात्रभर माझ्या पायाशी बसलीस, आणि तिकीट रद्द केलंस. पुढे जाण्याचा विषय निघाला की मी कपाळ धरायचे आणि तू विषय बदलायचीस. जागृती, मी पडले नव्हते. मी निजले होते. आधी नुसती बसले, मग आतून तुझी बॅग ओढल्याचा आवाज आला, आणि धर्मेशचे बाबा गेल्यावरची ती वर्षं माझ्या अंगावर आली. धर्मेश कारखान्यात, आणि मी दिवसभर भांड्यांशी बोलायचे. मला पुन्हा भांड्यांशी बोलायचं नव्हतं. म्हणून मी जमिनीवर आडवी झाले आणि डोळे मिटले, आणि तू हाका मारत होतीस तरी उघडले नाहीत. हे ऐकून धर्मेश ओरडेल, उठून जाईल, असं मला वाटलं होतं. तो वाळूत रेघा ओढत बसला आणि म्हणाला, "ठाऊक हाय, आई. डॉक्टरनं तवाच जागृतीला सांगितलं, काय पण झालेलं नाय. जागृतीनं मला फोन केला. बोलली, आई एकट्या राहायला भितात, त्यांना खोटं पाडू नकोस, आपण थांबू." मी त्याला विचारलं, मग त्या गोळ्या? रोज सकाळी पाण्याच्या भांड्यासोबत ती मला देते त्या? तो म्हणाला, "ताकदीच्या हायत."

म्हणून हे पत्र, पोरी. दोन वर्षं तू माझं खोटं स्वतःच्या डोक्यावर घेऊन चाललीस आणि रोज मला विचारत राहिलीस, चक्कर नाय ना येत. यंदा कारखान्याने घरच्या एकाचं तिकीट दिलं, तेही तू मला दिलंस. फोनवर तुझं तोंड समोर असताना हे माझ्याच्याने बोलवलं नसतं. मी तुझी माफी मागत नाही, कारण मागितली की तू लगेच देशील, आणि ते फार स्वस्त होईल. मी फक्त सांगते. धर्मेशने तुझ्या कागदांचा अर्ज सोमवारी दिला आहे, तिकीट या वेळी तो स्वतः काढणार आहे. तुझा पासपोर्ट अजून सहा वर्षं चालतो, मी विचारलंय. शिवणक्लास तुझ्या क्लासमधल्या दीपालीला सांभाळायला सांग, ती तयार होईल, नाही झाली तरी तू थांबू नकोस. मला एकटीची भीती वाटते का, तर वाटते. अजून वाटते, इथे बसूनही वाटते. पण ती भीती माझी आहे, ती राखायचं काम तुझं नाही. शेजारची सोमी रोज संध्याकाळी ओट्यावर येईल म्हणालीय, नाही आली तर मी तिच्या ओट्यावर जाईन. अठ्ठावीसला विमानतळावर तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, रिक्षावाल्या गोमाला बोईसर स्टेशनवर यायला सांगितलंय, मी येईन बरोबर. पण आलीस, तर मला बघून हसू नकोस, तब्येत विचारू नकोस, माझी पिशवी घ्यायला धावू नकोस आणि पाया पडायला वाकू नकोस. दोन वर्षांत तू आपल्या घरात एकदाही मोठ्याने बोलली नाहीस. आधी माझ्यावर रागव, जागृती. सगळ्यांच्या देखत, पोटभर रागव.

तुझीच,
आई